लंडनचे काळे तुरे

मंगळवार, ९ ऑक्टोबर १८९४. दसरा.
सकाळपासून गिरगावात झेंडूचा उच्छाद. भाड्याची व्हिक्टोरिया असो, ट्रामचं मरतुकडं घोडं असो की खटाऱ्याचा बैल, जो तो गळ्यात माळ अडकवून तयार. या लोकांची सजावटीची अक्कल झेंडूपाशी सुरू होते आणि आंब्याच्या डहाळीपाशी संपते. आमच्या दगडूनेही शिग्रामाला माळ बांधली होती. मी ती काढायला लावली. दगडू मालवणचा. तोंड पाडून म्हणतो, सणाचो दिस आसा, भाऊसाहेब. गाडीवानाने घोडीकडे बघावं, सणाकडे बघू नये.

शिग्राम काकांकडून माझ्याकडे आला. चारी बाजूंनी बंद, एका घोडीची, सागवानी भारदस्त गाडी. तीस वर्षांची आहे. रंग उडालाय, दिवे फुटलेत, डावं चाक कुरकुरतं. पण खानदान दिसतं.

आता मुद्दा. आमच्या कचेरीचे हेडक्लार्क १५ जानेवारीला पेन्शनीत निघतात. साहेब परवा सहज म्हणाला, हेडक्लार्क असा हवा की बाहेरही चार लोक त्याला मान देतील. हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं. (दुसरा कारकून अप्पा, त्याच्याकडेही पाहिलं, पण तो माझ्या शेजारीच उभा होता, त्याला इलाज नाही.) अप्पा परळहून ट्रामने येतो, बगलेत छत्री आणि फडक्यात पोळीभाजी. त्याला सगळ्या फायली तोंडपाठ आहेत म्हणे. फायली कारकुनाने पाठ करायच्या असतात. हेडक्लार्कने गाडीतून उतरायचं असतं.

संकल्प: तीन महिन्यांत शिग्राम असा करायचा की मुंबई बघत राहील.

शनिवार, १३ ऑक्टोबर.
मोठं घबाड हाती लागलं. एक साहेब नोकरी संपवून विलायतेला चालला, त्याच्या सामानाच्या लिलावात लंडनच्या एका कंपनीचा कॅटलॉग मिळाला. गाड्यांचं सामान, टपालाने जगात कुठेही. पहिली बरीच पानं वाळवीने खाल्ली आहेत, प्रकरणांची नावं तिच्या पोटात गेली. नावांवाचून माझं काही अडत नाही. चित्रं शाबूत आहेत, आणि मला नजर आहे.

बहुतेक माल आपल्याकडच्या व्हिक्टोरियावाल्यांच्याच लायकीचा. घंटा, पायदान, चाबूक ठेवायची नळी. पण शेवटी एक चित्र आहे, दोन पानं भरून. काळेभोर घोडे, डोक्यावर काळ्या पिसांचे हातभर उंच तुरे. गाडीला चारी बाजूंनी काच. छपराच्या चारी कोपऱ्यांवर रुपेरी कलश. आणि गाडीच्या मागून शे-दीडशे लंडनवाले सभ्य गृहस्थ पायी चाललेत, टोप्या हातात घेऊन! दोन्ही बाजूंचे लोकही बोडके उभे. बायकांनी तोंडाला रुमाल लावलेत, धूळ उडत असणार. आतला मालक दिसत नाही. बहुधा आडवा पडून आराम करत असावा.

याला म्हणतात मान. एवढी मोठी मिरवणूक आपल्यामागे चाललीय आणि आपण पडून आहोत!

रविवार, १४ ऑक्टोबर. दुपार.
ऑर्डर लिहिली. काळे तुरे आठ. काळी मखमली झूल, रुपेरी गोंड्यांची. कलश चार. दिव्यांची जोडी, त्यावर काळं तलम कापड गुंडाळलेलं. नक्षीच्या काचा, चारही बाजूंच्या. काचेवर कमळासारखं फूल आहे आणि खाली जोडलेले दोन हात. म्हणजे नमस्कार! इंग्रज कारागिरालाही आपली रीत ठाऊक आहे. आपल्याच लोकांना त्याची किंमत नाही.

आनंदीबाईला चित्र दाखवलं. आमची बायको मनाने चांगली आहे, पण तिचा जन्म मुगभाटात गेला. म्हणाली, अहो, सगळंच कसं काळं? अशुभ दिसतं. मी विचारलं, मग संक्रांतीला काळी चंद्रकळा कशी नेसतेस? तर म्हणे ती एका दिवसाची. मी म्हटलं, लंडनला वर्षभर संक्रांत असते. उठून आत गेली. मुद्दा सुचला नाही की बायकांना स्वयंपाकघर आठवतं.

शुक्रवार, २ नोव्हेंबर.
बोट अजून वाटेतच असेल. दरम्यान आडवं पडून जाण्याचा सराव. दिवाणखान्यातल्या बाकावर रोज पाव तास. हात पोटावर, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर कसलीही आसक्ती नाही. आज आनंदीबाईने मध्येच येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवार, २० डिसेंबर.
पार्सल आलं! दोन मोठी खोकी. भुशात एकही काच तडकलेली नाही.

कंपनीचं पत्रही आहे. जाड पांढरा कागद, चारी कडांना बोटभर काळा काठ. असा डौल मी आजवर पाहिला नव्हता. मजकूर थोडक्यात असा की आपल्या या प्रसंगी आमची कंपनी आदराने आपल्यासोबत उभी आहे. गाडी सजवतोय एवढ्यावरून प्रसंग ओळखला. हेडक्लार्कीबद्दल यांना कोणी लिहिलं? अनुभवी कंपनी आहे, ऑर्डरवरून माणूस ओळखत असेल. सोबत तसल्याच काळ्या काठाच्या कागदांचा एक दस्ता आणि पाकिटं भेट.

ठरवलं: यापुढे कचेरीत कोणताही अर्ज याच कागदावर.

शनिवार, २२ डिसेंबर.
काचा बसवायला खोताच्या वाडीतला पास्कल मेस्त्री बोलावला. किरिस्ताव, हात चांगला. खोकी उघडल्याबरोबर त्याने टोपी काढली आणि कपाळ, छाती, खांद्यांना बोटं लावली. कलश हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग हळू आवाजात विचारतो, भावसाहेब, घरात कोणी आजारी हाय काय? मी सांगितलं, सगळे ठणठणीत. यावर तो आणखीनच गोंधळला. गरीब माणसाला एवढा देखणा माल पाहिला की काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि शब्द सापडत नाहीत.

काम मात्र मन लावून केलं. मजुरी घ्यायला तयार नाही. म्हणतो, असल्या कामाचा पैसा नाय घेत आमी, देवाचं काम. कलेची कदर करणारा कारागीर गिरगावात अजून शिल्लक आहे.

बुधवार, २ जानेवारी १८९५.
एकच अडचण. चित्रातले घोडे काळे आणि आमची घोडी पांढरी. दगडू म्हणतो, झूल घातली तर दिसाचा नाय. पण पाय दिसणार, मान दिसणार. भुलेश्वरातून कलप आणवला, घरात सापडलेल्या मोठ्या घमेल्यात कालवला. दगडूने डोळे मिटून घोडीला लावला. उरलेला मी मिशांना लावला. दोघेही चांगले दिसतो.

घमेलं तिळगुळासाठी काढून ठेवलं होतं असं आनंदीबाईचं म्हणणं. असल्या क्षुल्लक बाबी मी लिहून ठेवत नाही.

गुरुवार, १० जानेवारी. संध्याकाळ.
आजचा दिवस सोन्याचा.

शनिवारी संक्रांत, आनंदीबाईचं हळदीकुंकू. चाळीस बायका. गर्दीला आवर घालायला घरात पुरुषमाणूस हवा म्हणून एक दिवसाच्या रजेचा अर्ज केला. काळ्या काठाच्या कागदावर, स्वच्छ इंग्रजीत: माझ्या पत्नीच्या धार्मिक विधीकरिता. पाकीटही तेच. शिपायामार्फत आत पाठवलं.

साहेबाने ताबडतोब बोलावलं. उभा राहिला. माझ्यासाठी उभा राहिला! चष्मा काढला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. स्वतः खुर्ची पुढे ओढली. मग विचारलं, तिला फार त्रास झाला का? एवढा मोठा अंमलदार, पण आमच्या स्वयंपाकघराची चौकशी करतो. मी म्हटलं, हो साहेब, चार दिवस डोळ्याला डोळा नाही, पण आता सगळं पार पडलं. शनिवारी आळीतल्या बायका येतील. साहेबाने रुमाल काढून चष्मा पुसला. म्हणाला, एक दिवस कसला, पंधरा दिवस घ्या. इथली काळजी सोडा.

चांगल्या कागदाची किंमत ती ही! अप्पा मागे आपल्या मुलीच्या बारशाला अर्धा दिवस मागत होता, पिवळट कागदावर. त्याला मिळाला नाही.

पंधरा तारखेला हेडक्लार्क निघणार आणि मी घरी, याचा आधी विचार पडला. मग उलगडलं. साहेबाला माझी नेमणूक माझ्या पाठीमागे करून मला चकित करायचं आहे.

शनिवार, १२ जानेवारी. संक्रांत.
सकाळी शिग्राम सगळ्या साजात दारासमोर उभा करून ठेवला. येणाऱ्या बायकांनी पाहावा म्हणून.

पहिली आली जाईबाई. ही माजगावची कोळीण, रोज खोताच्या वाडीतून मासळी विकत आमच्याकडे येते. गाडी पाहिली आणि टोपली जमिनीवर टाकून तिने मोठ्याने गळा काढला. माजी आनंदीबाय गो, काल तं माज्याकडून पापलेटं घेतलीस गो! आणि तेवढ्यात आनंदीबाई दारात येऊन विचारते, अगं, आज संक्रांतीला मासळी कशाला आणलीस? जाईबाईने तिला हाताने चाचपून पाहिलं. मग दोघी अर्धा तास ओट्यावर कुजबुजत होत्या.

निष्पन्न असं. जाईबाईच्या मते ही किरिस्तावांची मयताची गाडी आहे. खोताच्या वाडीतल्या एका श्रीमंत म्हाताऱ्याला असल्याच पिसांच्या गाडीतून नेलं, तिने डोळ्यांनी पाहिलं. आपण आपली माणसं खांद्यावर नेतो, म्हणून आपल्याला माहीत नाही, म्हणे.

आता कोळीण मला विलायती रीतिरिवाज शिकवणार! मी तिला चित्र दाखवलं. दोन पानांचं, लंडनमध्ये छापलेलं. म्हणते, हां, हेच तं. मेलेल्याच्या मागून चाल्लेत. मी विचारलं, मग मेलेला कुठे दिसतो? म्हणते, आत पडलाय. बिनबुकाच्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चाळीसपैकी सात बायका आल्या. बाकीच्या कोपऱ्यावरून परतल्या. दिपल्या असणार. आनंदीबाईने चाळीस जणींचे लाडू केले होते. ते ती संध्याकाळपर्यंत डब्यांत भरत होती. शेवटी एकच वाक्य: मी त्या गाडीत बसायची नाही, माझं कुंकू शाबूत आहे, मला वेळ येईल तेव्हा खांद्यावरूनच न्या.

सणासुदीला असलं अभद्र बोलायचं! वाईट वाटलं, खरंच. पण गाडीत बसायचं नसेल तर न बसो, जागा ऐसपैस होईल.

सोमवार, १४ जानेवारी.
पहिली फेरी. गिरगाव रस्ता, ठाकुरद्वार, खोताच्या वाडीवरून परत.

काय सांगावं! खोताच्या वाडीच्या तोंडाशी सगळे किरिस्ताव रस्त्याच्या कडेला उभे राहिले. टोप्या काढल्या. बायकांनी गुडघे टेकले. एक पाववाला डोक्यावर टोपली घेऊन चालला होता, त्याने ती उतरवली. थेट चित्रातल्यासारखं. आपले हिंदू लोक मात्र तोंड उघडं टाकून बघत उभे. मान द्यायचं शिक्षणच नाही.

मी आत आडवा होतो, सरावाप्रमाणे. पण एवढे लोक मान देतात तर आपणही थोडी दखल घ्यावी म्हणून उठून बसलो आणि काचेतून हात हलवला. समोरची एक म्हातारी किंचाळून कोसळली. जन्मभर दारिद्र्य पाहिलेल्या माणसाला वैभव एकदम दाखवू नये, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घोडीला घाम आला आणि कलप दगडूच्या पांढऱ्या विजारीवर उतरला. घोडी आता करड्या पट्ट्यांची आहे. पुन्हा लावला.

गुरुवार, १७ जानेवारी.
आज क्वीन्स रोडवर साहेब भेटला! साहेब आणि मडमसाहेब आपल्या गाडीतून समुद्राची हवा खायला निघाले होते. मी नेमकी तेव्हाच तपकीर ओढली होती आणि ती जरा जास्त झाली. डोळ्यांतून पाणी, तोंडाला रुमाल, डबी पायाशी पडली म्हणून मान खाली. वर पाहतो तो साहेबाची गाडी थांबलेली, साहेब उभा, टोपी छातीशी. मडमेनेही मान लववली.

आमची गाडी पुढे जाईपर्यंत दोघं तसेच! मुंबई इलाख्यात कोणत्या नेटिव्ह कारकुनाला हा मान मिळाला आहे? साहेब म्हणाला होता ना, चार लोक मान देणारा हवा? स्वतःच पाचवा झाला.

नेमणूक परवाच झाली असणार. मी घाई करत नाही.

रविवार, २० जानेवारी.
लालबाग, परळ, शिवडी अशी लांब फेरी. हेतू एवढाच की अप्पाच्या घरावरून जावं. अप्पा घरी नव्हता. म्हणे रविवारीही कचेरीत गेलाय. शेवटची धडपड करत असेल.

शिवडीला गोऱ्यांचं कबरस्तान आहे. तिथल्या दरवानाने आम्हांला लांबून पाहिलं आणि धावत येऊन दोन्ही फाटकं सताड उघडली. मला कोणी तपासणीचा अंमलदार समजला असणार. दगडू तिथे हटून बसला, गाडी आत नेईना. म्हणतो, माका ह्या काय बरा दिसना नाय, भाऊसाहेब, जाईबाय सांगता ता खरा आसा. मी त्याला सांगितलं, परत असं बोललास तर तुला कामावरून काढून टाकीन. म्हणाला, काढा. मग मीच गाडी परत वळवायला सांगितली, कारण ती गिरगावात कोण नेणार?

शुक्रवार, २५ जानेवारी.
आजचं लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

आज कामावर गेलो, शिग्रामातून, कचेरीच्या थेट दारापर्यंत. सगळे कारकून उठून उभे राहिले. चांगली सुरुवात वाटली. हेडक्लार्कच्या खोलीत शिरलो तर खुर्चीत अप्पा. तोही उठला, माझा हात धरला, म्हणाला, भाऊसाहेब, तुम्ही या स्थितीत, म्हणून साहेबांनी ओझं माझ्यावर टाकलं, नाहीतर हा मान तुमचाच होता. अप्पाचे डोळे भरून आले होते.

कुठली स्थिती?

साहेबाने आत बोलावलं. मृदू आवाजात सगळं सांगितलं. पत्नीवियोगाच्या ताज्या घावावर कामाचं ओझं घालणं त्याच्या मनाला पटेना. तो काळ्या काठाचा अर्ज त्याने मडमेला दाखवला, ती रडली. मग त्या दिवशी क्वीन्स रोडवर मला एकटाच, रिकाम्या गाडीत, डोळे पुसताना पाहिलं. ते दृश्य दोघं विसरू शकत नाहीत.

गाडीबद्दल जाईबाई म्हणाली तेच साहेबही म्हणाला. फरक एवढाच की साहेब इंग्रजीत म्हणाला, त्यामुळे ते खरं असणार.

तोंडाशी आलं होतं, साहेब, बायको जिवंत आहे. पण मग पंधरा दिवसांची रजा? खोटं सांगून रजा घेतली म्हणून त्याच दिवशी घरी बसलो असतो. मान खाली घातली. साहेबाला माझा संयम आवडला. म्हणाला, अप्पाची नेमणूक तात्पुरती आहे, तुमचा हक्क मी विसरलेलो नाही. रविवारी मी आणि मडमसाहेब तुमच्या घरी येऊ.

शनिवार, २६ जानेवारी.
रात्रभर विचार केला. सकाळी मन शांत. नीट पाहिलं तर घडलं ते उत्तमच. अप्पाकडे आहेत नुसत्या फायली, माझ्याकडे साहेबाची सहानुभूती. रविवारचा एक तास निभावला की खुर्ची माझी. मग चार-सहा महिन्यांनी आनंदीबाईचं काय ते बघता येईल.

आनंदीबाईला परळला भावाकडे पाठवायचं. कारण सांगितलं नाही. म्हटलं, भाऊ तुझी आठवण काढतो. ती म्हणाली, त्याने तीन वर्षं काढली नाही. पण गेली, ट्रामने. शिग्रामाने सोडतो म्हटलं, तर पिशवी उचलून चालू लागली.

रविवार, २७ जानेवारी. दुपारी तीन.
तयारी पूर्ण. ओट्यावरची रांगोळी पुसली. तिची चंद्रकळा, फणी, कुंकवाचा करंडा फडताळात. मिशांचा कलप धुतला, दुःखात शोभत नाही. पाचला येतील. भाषण पाठ केलं.

त्याच दिवशी, सात वाजता.
साहेब, मडम आणि वाट दाखवायला अप्पा. मडमेने मयतावर ठेवतात तसलं पांढऱ्या फुलांचं मोठं कडं आणलं होतं, ते माझ्या हातात दिलं. मी भाषणाचं पहिलं वाक्य म्हणालो. मडमेने डोळे टिपले. साहेब म्हणाला, खुर्चीचं आपण लवकरच बघू. अगदी याच शब्दांत म्हणाला! अप्पानेही मान हलवली. मी जिंकलो होतो. घड्याळात सव्वापाच.

आणि दारात आनंदीबाई.

परळच्या बाजारात तिला जाईबाई भेटली, दगडूकडून ऐकून म्हणाली, तुज्याकडे आज साहेबाची बायको येतेय. रथसप्तमी अजून व्हायची, हळदीकुंकवाचे दिवस, घरी पहिल्यांदाच मडम येणार आणि तिला कुंकू लावायला घरात बाई नाही? ती निघालीच. भावाच्या बायकोची हिरवी पैठणी नेसून, नथ घालून, कपाळभर कुंकू, हातात तिळगुळाची वाटी. सरळ मडमेपाशी गेली, तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, तिळगूळ घ्या, गोड बोला.

मडम हसली. बाई आवडली तिला. मग तिने साहेबाला विचारलं आणि साहेबाने मला विचारलं, या कोण?

चौघं माझ्याकडे बघत होते. हातात ते फुलांचं कडं. बहीण म्हणायचं होतं. मोलकरीण म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिच्या गळ्यात मंगळसूत्र, माझ्या घरात यजमानीण म्हणून वागतेय, आणि माझी जीभ! मी म्हणालो, माझी नवी बायको, साहेब.

आपल्यात पंधरा दिवसांत दुसरं लग्न करणारे पाच जण मी नावानिशी दाखवीन. अप्पाला तर त्यात काही वावगंही वाटलं नाही. तो आनंदीबाईला नमस्कार करून अदबीने म्हणाला, वहिनी, आधीच्या वहिनी गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं, पण तुम्ही आलात, घर सावरेल.

आनंदीबाईने वाटी खाली ठेवली.

साहेब उठला. मडमेने माझ्या हातातलं कडं परत घेतलं. जाताना साहेब एवढंच म्हणाला की माझ्या दुःखाचा वेग पाहून तो थक्क झाला आहे, आणि खुर्चीचा प्रश्न आता उरला नाही. मडमेने मात्र आनंदीबाईचा हात हातात घेऊन दाबला. तिची कीव आली असणार.

ते गेल्यावर मी आनंदीबाईला सगळं समजावून सांगितलं. सुरुवातीपासून, मुद्देसूद. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, मी खरोखरच गेले असते तर किती दिवस थांबला असता? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. ती म्हणाली, हो, तसा काही मोठा नाही. आणि आत गेली. आत रडत होती. मी खाली ठेवलेली तिळगुळाची वाटी उचलून दाराशी नेऊन ठेवली.

सोमवार, २८ जानेवारी.
अप्पा कायम झाला. माझी बदली जुन्या कागदांच्या खोलीत, तळघरात. अप्पाने आपली फडक्यातली पोळी पुढे केली, मी घेतली नाही. ट्रामने परतलो. दगडूने सकाळीच गाडी पास्कल मेस्त्रीच्या दारात नेऊन सोडली, त्यांच्यातला कोणी मास्तर वारला म्हणे. पास्कलने निरोप पाठवला, फार उपकार झाले.

घरी आलो तर चूल थंड. आनंदीबाई तीच हिरवी पैठणी नेसून झोपाळ्यावर बसलेली, हातभर बांगड्या, पायांत जोडवी. मी विचारलं, जेवणाचं काय? म्हणाली, मी नवीन आहे, मला या घराची रीत ठाऊक नाही. म्हटलं, निदान भात तरी टाक. म्हणाली, तांदूळ कुठे असतात ते दाखवा. आवाज चढवला तर नव्या नवरीसारखी पदर ओढून खाली बघत बसली. शेवटी मीच स्वयंपाकघरात गेलो. सगळे डबे उघडून पाहिले. बावीस वर्षं या घरात जेवतोय, पण एकही वस्तू सापडेना. मीठ तरी कुठे आहे, असं ओरडून विचारलं.

झोपाळ्यावरून उत्तर आलं, तुमच्या पहिलीला विचारा.

चुरमुरे सापडले. मीठ सापडलं नाही.